तिसरा गेला, रिव्हर्सही गेला: एका जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं प्रकरण

"अरे, गाडी भिंतीकडे तोंड करून उभी आहे आणि मागे यायचं नाव घेत नाही," बाई फोनवर म्हणाल्या. ठाण्यातल्या मानपाड्याची सोसायटी, पोडियमवरचं पार्किंग, समोर भिंत, दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या गाड्या. गेले आठ दिवस रोज सकाळी वॉचमन आणि गाड्या धुणारा मुलगा, दोघं मिळून ती गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बाहेर काढत होते. नवव्या दिवशी गाड्या धुणारा गावाला गेला आणि बाईंनी मला फोन लावला.

बाई नौपाड्यातल्या एका मराठी शाळेत गणित शिकवायच्या. मी त्यांचा विद्यार्थी नाही, पण आमच्या गॅरेजमध्ये येणारे निम्मे लोक आहेत, म्हणून मलाही त्या 'बाई'च. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, क्लचचं पेडल दाबणं बंद. त्यामुळे २००६ सालची ही जपानी बनावटीची, चार गियरची ऑटोमॅटिक सेडान त्या सोडायला तयार नाहीत. आधी त्यांनी ती घोडबंदर रोडवरच्या एका गॅरेजमध्ये दाखवली होती. तिथे बॉनेट उघडून, एक चक्कर मारून सांगितलं, 'तिसरा गियर आणि रिव्हर्स गेलाय, पूर्ण गियरबॉक्स बदला. कुर्ल्याहून जुना आणून बसवून देतो.' खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त.

बाई पोखरण रोडने हळूहळू दुसऱ्या गियरमध्येच गाडी चालवत वागळे इस्टेटला आमच्याकडे आल्या. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांचा प्रश्न तयार होता: "तिसरा पुढे नेणारा, रिव्हर्स मागे नेणारा. हे दोघं एकाच वेळी कसे गेले? पहिला-दुसरा तर ठणठणीत आहे."

अख्ख्या प्रकरणाची किल्ली याच प्रश्नात होती. आधीच्या गॅरेजात तो कुणाला पडला नव्हता.

गाडीची तक्रार नीट ऐकली तर

खोदून विचारल्यावर कळलं की सुरुवात दोन महिन्यांपूर्वीची. सकाळी निघताना रिव्हर्स लगेच लागायचा. संध्याकाळी कापूरबावडी-मानपाड्याच्या गर्दीतून तासभर रांगत घरी आलं, की आरमध्ये टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच व्हायचं नाही, मग गाडी एकदम मागे सरकायची. पुढे दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. रेस वाढते, गाडी उचलत नाही. शेवटी दोन्ही बंद.

'सकाळी ठीक, गरम झाल्यावर नाही' हे वाक्य मला फार आवडतं. गरम ऑइल पातळ होतं आणि बारीक फटीतून थंड ऑइलपेक्षा जास्त निसटतं. म्हणजे कुठेतरी दाबाखालचं ऑइल गळतंय, आणि तेही बाहेर जमिनीवर नाही, आतल्या आत.

इंजिन चालू ठेवून, बॉक्स गरम असताना डिपस्टिक काढली. ऑइल लाल असायला हवं, ते काळपट तपकिरी होतं आणि फोडणी करपल्यासारखा वास येत होता. टिश्यूवर थेंब टाकला तर मध्ये काळे कण राहिले. धातूची चमक नव्हती. ते पाहून जरा बरं वाटलं. काळे कण म्हणजे क्लच प्लेटचं अस्तर. चमक दिसली असती तर गियर किंवा बेअरिंगची चिंता करावी लागली असती.

पोळपाट आणि लाटणं

गिऱ्हाईक 'गियर गेला' म्हणतं, मेकॅनिकही म्हणतो. मॅन्युअल गाडीत किंवा एएमटीमध्ये त्याला थोडातरी अर्थ आहे. २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी बोकाळली आणि लोक तिलाही ऑटोमॅटिकच म्हणतात, पण तिच्या पोटात साधाच मॅन्युअल बॉक्स असतो. क्लच दाबायचं आणि गियर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. बाईंची गाडी टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनाचा जोर ऑइलमधून बॉक्सकडे पोचवणारी. तिच्यात प्लॅनेटरी गियर असतात आणि ते कधीच एकमेकांतून सुटत नाहीत, कायम दातात दात. बदलतं ते एवढंच: कोणाला फिरवायचं आणि कोणाला धरून ठेवायचं.

माझ्या टेबलावर भंगारातला एक प्लॅनेटरी सेट कागदांवर वजन म्हणून पडलेला असतो. तो बाईंच्या हातात दिला. मधोमध सन गियर, त्याच्याभोवती चार प्लॅनेट, ते चारही ज्या चौकटीत बसतात तो कॅरियर, आणि सगळ्यांना वेढणारी, आतून दाते असलेली रिंग. बाईंनी पेन्सिलीने दाते मोजले: सन ३०, प्लॅनेट २०, रिंग ७०.

"सत्तर म्हणजे तीस अधिक दोनदा वीस," त्या लगेच म्हणाल्या.

बरोबर. व्यासांचं गणित जुळल्याशिवाय ते आत मावणारच नाहीत. आणखी एक गंमत त्यांना मी सांगितली: ग्रह सारख्या अंतरावर बसवायचे तर सन आणि रिंग यांच्या दातांच्या बेरजेला ग्रहांच्या संख्येने पूर्ण भाग जायला हवा. इथे १०० भागिले ४. तीन ग्रह सारख्या अंतरावर बसवायला गेलो असतो तर दात दाताला भिडला नसता.

मग पाइपचा एक तुकडा घेऊन लाटण्याची गोष्ट दाखवली. ही घरीही करून बघता येते. पोळपाट स्थिर, त्यावर लाटणं, लाटण्यावर तळहात. तळहात चार बोटं पुढे सरकवा; लाटणं दोनच बोटं पुढे जातं. पोळपाट म्हणजे धरून ठेवलेला सन, तळहात म्हणजे फिरणारी रिंग, लाटण्याचा मध्य म्हणजे कॅरियर. गती कमी झाली, त्या प्रमाणात जोर वाढला. हाच खालचा गियर. आता तळहात आणि पोळपाट दोन्ही एकाच दिशेने सारखेच सरकवा. लाटणं गोल न फिरता त्यांच्याबरोबर तसंच जातं. सगळं एकजीव, एकास एक. आणि लाटण्याचा मध्य जागच्या जागी पकडून तळहात पुढे ढकलला, तर पोळपाट उलटा मागे सरकतो. हा रिव्हर्स.

सपाट पोळपाटावर प्रमाण निम्मं येतं. गोल सेटमध्ये ते दातांवर ठरतं. सन धरून रिंग फिरवली आणि कॅरियरकडून काम घेतलं तर १०० भागिले ७०, म्हणजे १.४३. रिंग धरून सन फिरवला तर १०० भागिले ३०, म्हणजे ३.३३. कॅरियर धरला तर सन आणि रिंग एकमेकांच्या उलट फिरतात, प्रमाण ७० भागिले ३०, २.३३. आणि सन धरून कॅरियरलाच फिरवलं तर रिंग इंजिनापेक्षाही जोरात धावते: ०.७०, म्हणजे ओव्हरड्राइव्ह. एकाच लोखंडी चकतीत एवढं सगळं. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीमध्येही प्लॅनेटरी गियरच होते, आणि त्या गाडीत पायाखालच्या तीन पेडलांतलं मधलं रिव्हर्सचं होतं.

एका सनवर दोन संसार

बाईंच्या गाडीत पहिल्या तीन गियरसाठी दोन सेट आहेत आणि दोघांचा सन एकच, लांब. ही मांडणी हॉवर्ड सिम्पसन या अमेरिकन अभियंत्याची. क्रायस्लरच्या १९५६ च्या टॉर्कफ्लाइटमध्ये ती आली आणि पुढे अनेक कंपन्यांच्या बॉक्समध्ये तीच वर्षानुवर्षं राहिली. पुढच्या सेटचा कॅरियर आणि मागच्या सेटची रिंग एकमेकांना जोडलेले. तिथून चाकांकडे गती जाते.

या सगळ्याला वागवणारे, ऑइलच्या दाबाने आवळले जाणारे हात मोजकेच. फॉरवर्ड क्लच इंजिनाची गती पुढच्या रिंगला देतो. डायरेक्ट क्लच तीच गती सनला देतो. एक ब्रेक सनला धरतो. दुसरा, लो-रिव्हर्स ब्रेक, मागच्या कॅरियरला धरतो. त्याच कॅरियरवर एक वन-वे क्लचही असतो, जो त्याला एका दिशेने फिरू देतो, दुसऱ्या दिशेने नाही.

पहिला गियर: फॉरवर्ड क्लच लागला, मागचा कॅरियर वन-वे क्लचने अडवला. दुसरा: फॉरवर्ड क्लच तसाच, सन ब्रेकने धरला. तिसरा: फॉरवर्ड आणि डायरेक्ट दोन्ही क्लच लागले, रिंग आणि सन एकाच गतीने, म्हणजे तळहात आणि पोळपाट बरोबरच निघाले. रिव्हर्स: फॉरवर्ड सुटला, डायरेक्ट क्लचने सन फिरवला, लो-रिव्हर्स ब्रेकने मागचा कॅरियर धरला, आणि मागची रिंग उलटी. चौथ्यासाठी ओव्हरड्राइव्हचा वेगळा सेट आहे, पण त्याही वेळी डायरेक्ट क्लच लागलेलाच असतो.

माझ्या टेबलावरचे दाते दोन्ही सेटना आहेत असं धरलं तर पहिला २.४३, दुसरा १.४३, तिसरा १, रिव्हर्स २.३३. बाईंनी कागदावर पडताळून पाहिलं आणि मध्येच थांबल्या. "पहिल्या गियरमध्ये सन उलटा फिरतोय?"

फिरतो. आत २००० फेरे गेले तर बाहेर सुमारे ८२४ येतात, आणि तेवढ्यात बिचारा सन १९२१ च्या आसपास उलटे फेरे मारत असतो. डायरेक्ट क्लचचा ड्रम सनला जोडलेला असल्यामुळे तोही. क्लचच्या काही प्लेट या बाजूला, काही त्या बाजूला, जवळजवळ चार हजारांच्या फरकाने एकमेकींशेजारून जात असतात. मधली फट बरोबर असेल तर काही होत नाही. म्हणूनच त्या ड्रमच्या भिंतीत एक बारीक गोळी असते: क्लच सुटल्यावर फिरण्याच्या जोराने आत अडकून राहणारं ऑइल ती बाहेर जाऊ देते.

आता बाईंच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच कागदावर आलं होतं. तिसरा, चौथा आणि रिव्हर्स या तिघांमध्ये समान काय? डायरेक्ट क्लच. गियर एकही गेला नव्हता. एक हात निकामी झाला होता.

येऊरचा उतार

पण कागदावरच्या उत्तरावर बॉक्स खाली उतरवायचा नसतो. रिव्हर्स न लागायचं दुसरंही कारण असू शकतं: लो-रिव्हर्स ब्रेक. दोन वेगवेगळे बिघाड एकाच वेळी झाल्याचं मी पाहिलेलं आहे. त्याची परीक्षा बॉक्स न खोलता होते, फक्त उतार पाहिजे.

आमच्या हाताशी येऊर आहे. उपवन तलावाच्या पुढे चढ सुरू होतो. वर जाणं सोपं होतं, वळवणं नव्हतं. रिव्हर्स नसलेल्या गाडीने अरुंद रस्त्यावर वळायचं म्हणजे काय, हे आमच्या हेल्परला विचारा. त्याने आणि रस्त्याने चालत निघालेल्या दोन पोरांनी ती ढकलून वळवली.

उतरताना आधी लीव्हर डीमध्ये, म्हणजे नेहमी पुढे जायच्या जागी, अगदी हळू, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून. गाडी मोकळी घरंगळली, कारण डीच्या पहिल्यात कॅरियरला फक्त वन-वे क्लच अडवतो आणि चाकांकडून जोर आला की तो सोडून देतो. मग लीव्हर एलवर, म्हणजे 'लो'वर. गाडी लगेच अडली, इंजिन घुमलं, वेग आवरला. एलमध्ये लो-रिव्हर्स ब्रेक लागतो आणि कॅरियरला दोन्ही दिशांनी धरतो. ब्रेक जिवंत होता. टॉर्क कन्व्हर्टरही संशयातून सुटला. तो बिघडला असता तर पहिला-दुसराही असा चालला नसता.

खोललं तेव्हा

बॉक्स उतरवला. कुठल्या क्लचला ऑइल द्यायचं ते ठरवणारी वॉल्व्ह बॉडी काढून केसिंगमधल्या भोकांतून कॉम्प्रेसरची हवा दिली. फॉरवर्ड क्लचच्या भोकात 'ठक्', पिस्टन बसल्याचा स्वच्छ आवाज. ब्रेकना 'ठक्', 'ठक्'. डायरेक्ट क्लचच्या भोकात नुसतंच 'फुस्स'. माझ्या हेल्परने न सांगता मान डोलावली.

ड्रम काढून सर्क्लिप सोडली. अस्तराच्या प्लेट कोळशासारख्या, दोन-तीन ठिकाणी अस्तर पोपड्यांसारखं सुटलेलं. मधल्या स्टीलच्या प्लेटवर निळे-जांभळे डाग. पिस्टनची रबरी सील हातात घेतली. नवी सील बोटाने मुडपली की परत येते, ही वाकवली तर कडेला तडकली. तडा आधीचाच होता, मी फक्त तो मोठा केला. म्हणजे ऑइलचा दाब पिस्टनमागे टिकत नव्हता, प्लेट घट्ट आवळल्या जात नव्हत्या, घसरत होत्या, घसरून तापत होत्या आणि तापून सील आणखी कडक होत होती. रिव्हर्स आधी का कुरकुरला, तेही सरळ आहे: त्या गियरमध्ये जोर मोठा लागतो, म्हणून बॉक्स तेव्हा दाबही वाढवतो, दाब टिकवता न येणारा क्लच तिथेच पहिला हरतो.

प्लॅनेटरी सेट मात्र नव्यासारखे. दाते स्वच्छ, ग्रहांच्या पिना घट्ट, कुठे निळेपणा नाही. पूर्ण बॉक्स बदलला असता तर हेच गियर भंगारात गेले असते.

नव्या प्लेट बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजत ठेवल्या. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच वापरात चटका बसतो, आणि तरीही घाईत लोक हे टाळतात. डायरेक्ट क्लचच्या नव्या स्टील प्लेट, सगळ्या क्लचच्या सील, ड्रममधली गोळी साफ, फीलर गेजने फट मोजून पुस्तकातल्या मर्यादेत. कन्व्हर्टर आणि रेडिएटरमधल्या कूलरच्या नळ्या धुतल्या. जुने कण तिथेच लपून बसतात आणि नव्या प्लेटांवर येतात. परत हवा दिली. 'ठक्'.

माझी चूक आणि एक रबर

गाडी रस्त्यावर काढली. रिव्हर्स लागला, तिसरा लागला, आणि मी खूश. मग घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर जोरात रेस दिली आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन क्षणभर घसरलं. अर्ध्या सेकंदाहून कमी, पण घसरलं. नव्या प्लेटवर हे व्हायला नको.

गॅरेजला येऊन प्रेशर गेज लावला. हा मी बॉक्स उतरवायच्या आधीच लावायला हवा होता. निदान पटकन सापडल्याच्या नादात राहिलं. आता काट्याने सांगितलं की साध्या चालीला दाब ठीक आहे, पण रेस दिली की तो जेवढा चढायला हवा तेवढा चढत नाही. या बांधणीच्या बॉक्समध्ये थ्रॉटलपासून एक केबल वॉल्व्ह बॉडीत जाते. पाय जितका दाबाल तितकी ती ओढली जाते आणि तितका दाब वाढतो, म्हणजे जोर जास्त तिथे क्लच जास्त आवळले जातात. ती केबल सैल होती. ॲडजस्टरच्या नटावर पकडीचे ओरखडे होते.

बाईंना विचारलं. त्यांना आठवलं: आठ-नऊ महिन्यांपूर्वी गियर बदलताना धक्का बसतो म्हणून कुठल्याशा गॅरेजमध्ये दाखवली होती. पाच मिनिटांत काहीतरी करून दिलं, पैसेही घेतले नाहीत, धक्का गेला. त्या वेळी त्यांना केवढं कौतुक वाटलं होतं.

धक्का कशाचा होता, ते पाहायला मग बॉनेट उघडं ठेवून हेल्परला ब्रेक दाबून डी-आर, डी-आर करायला लावलं. इंजिन एका बाजूने चांगलंच उचललं जात होतं. त्या बाजूच्या माउंटिंगचं रबर मधोमध फाटलेलं. बॉक्स नीटच गियर बदलत होता. सैल बसलेलं इंजिन हिसका देत होतं. त्यावर उपाय म्हणून कुणीतरी बॉक्सचा दाबच कमी करून टाकला. जुनी, कडक होत आलेली सील आणि त्यात कमी दाब. आठ महिने टिकलं हेच खूप. माझ्याकडून ती केबल तशीच राहिली असती तर नव्या प्लेटही त्याच वाटेने गेल्या असत्या, आणि मग बाई माझ्याबद्दल काय सांगत फिरल्या असत्या ते न बोललेलं बरं.

केबल पुस्तकाप्रमाणे लावली, माउंटिंग बदललं, परत गायमुख. या वेळी गेज आणि गाडी दोघांनीही तक्रार केली नाही. दुसरा-तिसरा बदल हलकासा जाणवतो, तेवढा जाणवायलाच हवा.

बाईंनी जळलेली एक प्लेट वर्तमानपत्रात गुंडाळून नेली. सोसायटीतल्या मुलांना दाखवायची म्हणाल्या. पंधरा दिवसांनी ऑइल तपासायला आल्या तेव्हा पार्किंगचं विचारलं. आता त्या गाडी भिंतीकडे पाठ करून लावतात. "रोज रात्री लावताना रिव्हर्सची परीक्षा होते," म्हणाल्या, "तीही गाडी तापलेली असताना. लागायला उशीर झाला तर त्याच रात्री तुला फोन."

डिपस्टिकवरचं ऑइल लाल होतं.